चिंचेवरचा पेट्रोल लीडर

"स्काउटच्या आमच्या तुकडीचा पेट्रोल लीडर होणार तर मीच! दुसरं आहे कोण?" जयवंतने जाहीर करून टाकलं.

"श्यामसुंदर आहे की," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"तो? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही, तो आठ पोरं काय सांभाळणार!"

नाडी नसेल बांधता येत, पण श्यामसुंदर शिट्टी अशी वाजवायचा की मालाडची निम्मी कुत्री उठून उभी राहायची. म्हणून स्काउटमास्तर पाटणकर सरांनी दोघांची परीक्षाच लावली. वाटेवर खडूने खुणा करत जायचं आणि शेवटी लपायचं. बाण म्हणजे इकडून या. फुली म्हणजे इकडे नको. वर्तुळात ठिपका म्हणजे माग संपला, मी घरी गेलो. पोरांनी माग काढत यायचं आणि लपलेला गडी तासभर सापडला नाही तर तो पास! सरांच्या तीन शिट्ट्या ऐकल्याशिवाय मात्र त्याने हलायचं नाही. श्यामसुंदर गेल्या रविवारी शिंकला आणि दहाव्या मिनिटाला सापडला.

आता पाळी जयवंतची. रविवारी सकाळी सातला तो खाकी चढवून निघाला. "आई, मी पार लांब, विहिरीमागच्या चिंचेवर लपणार आहे. कोणाला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ!"

शाळेपासून त्याने सत्तावीस बाण काढले. त्यातले पाच आपल्याच आळीतून! आईने ऐट बघावी, एवढाच हेतू. मग चिंचेवर चढून बसला. आठ वाजले, नऊ वाजले, मुंगळे चावले. कोणी आलं नाही.

"वा रे पठ्ठ्या! असा माग काढलाय की पोरं पार गोंधळली!" तो स्वतःवरच खूश झाला.

तिकडे पोरं गोंधळली नव्हतीच. बाण बघत सगळे झकास आले ते थेट जयवंतच्या दारात, आणि दारात होतं वर्तुळ, मध्ये ठिपका!

"घरी गेलो!" श्यामसुंदर ओरडला. "सर, हे तर त्याचंच घर!"

"हुशार आहे लेकाचा," सर म्हणाले. "वहिनी, जयवंत कुठे लपलाय?"

आई गडबडली. खोटं बोलवेना आणि खरं सांगावं तर शपथ! "तो... घरात नाही हो," ती पदराशी चाळा करत म्हणाली.

"मग कुठे आहे?"

"ते मी नाही सांगणार!"

एवढं पुरलं. पोरं घरात घुसली. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, गाद्यांची वळकटी सोडली. सरांनी तर पिठाच्या डब्यात डोकावून मिशा पांढऱ्या करून घेतल्या. दमले तेव्हा आईने पोहे दिले. जयवंतच्या वाटचेही पोरांनी चाटूनपुसून खाल्ले. तास उलटला. सरांनी तीन शिट्ट्या फुंकल्या. शेजारचे आजोबा काठी घेऊन धावत आले, जयवंत काही आला नाही.

"आपल्याला चिडवतोय लबाड! पण जिंकला बरं का," म्हणत सरांनी लीडरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आईच्या हातात ठेवल्या.

आई तशीच चिंचेखाली पोचली. "उतर रे खाली! लीडर झालास!"

जयवंत आनंदाने घसरतच खाली आला. मग त्याने सगळी हकिगत ऐकली. "पण मी कुठे ठिपका काढला?"

"अरे, ती माझी रांगोळी! पाकळ्या काढणार, तेवढ्यात दूध उतू गेलं."

 शोधून न सापडणं वेगळं आणि कोणी शोधायलाच न येणं वेगळं! रडूच आलं बिचाऱ्याला. पट्ट्या हातात होत्या, हव्या तर होत्याच, जीव तुटत होता त्यांच्यासाठी. पण स्काउटचा पहिलाच नियम, शब्द भरवशाचा हवा. डोळे पुसून तो सरांच्या घरी गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू घरात नव्हतासच?"

"नाही सर."

"आणि मी तुमच्या पिठाच्या डब्यात..."

"हो सर. आई म्हणाली." त्याने पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

सरांचा हात नकळत मिशीकडे गेला. मग त्यांनी पट्ट्या उचलून परत त्याच्या हातात दिल्या. "दोन तास मुंगळ्यांत बसलास, शिट्टी ऐकू आली नाही म्हणून उतरला नाहीस आणि मिळालेलं परत द्यायला आलास. लीडर आणखी कसा असतो रे? ठेव." मग हळूच म्हणाले, "फक्त मी रांगोळीला फसलो हे कोणाला सांगू नकोस हं."

"स्काउटचा शब्द, सर!"

आणि जयवंतने शब्द पाळला. पण या वेळी आईला कोणी शपथ घातली नव्हती ना! सोमवारी सकाळी ती नळावर गेली.

मंगळवारी कवायतीला जयवंत खिशावर पट्ट्या लावून छाती काढून उभा राहिला. कोणाचं लक्षच नाही! सगळं पथक ओठ दाबून सरांच्या उभं राहायच्या जागेकडे बघत होतं. तिथे कोणीतरी खडूने छान वर्तुळ काढलं होतं, मध्ये ठिपका, आणि आठवणीने सगळ्या पाकळ्या!