मामूंच्या गुडघ्यांना सरसाचा उतारा

भिवंडीत 'पेप्टाइड' हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला, हे आधीच सांगून ठेवतो! साल एक्क्याण्णव, ठिकाण कामतघर, जब्बारमामूंची खोली. कुणा डॉक्टरला तो माझ्याआधी माहीत असेल तर असो, पण आमच्या गल्लीत तो आणला मी. आणि पुढे जे झालं तेही मीच केलं, म्हणून सांगायलाही मीच बसलोय.

मी मजीद. सायझिंगमध्ये मास्तर. म्हणजे काय, तर कापडाचा उभा धागा लूमवर चढवायच्या आधी त्याला खळ पाजावी लागते. खळ नसेल तर लूमचे धक्के खाऊन तो तासाभरात तुटायला लागतो. त्या खळीत काय घालायचं, किती घालायचं, किती उकळायचं, हे मी ठरवायचो. सगळे मला मास्तर म्हणत. आणि चार लोक मास्तर म्हणायला लागले की माणसाला न शिकलेलंही येतंय असं वाटू लागतं. मला तर सगळंच येत होतं!

जब्बारमामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. अब्दुर्रहमान शेठच्या कारखान्यात तीस वर्षं लूमवर. बारा तासांची शिफ्ट, पूर्ण वेळ उभ्याने. माणूस एवढा सज्जन की तुटलेल्या धाग्याच्या तारेलासुद्धा कधी शिवी दिली नाही. पण गुडघे गेले. दोन्ही! सकाळी उठायचे ते भिंतीला हात लावत, आणि मामी मागून धरायची.

शेठने त्यांना बोलावून घेतलं. शेठ वाईट नव्हता, पण त्याला कापड हवं होतं.

"जब्बारभाय, एक तारखेपासून रेयॉनचा नवा माल लागतोय. चार लूम तुला देतो. पंधरा दिवस नीट उभा राहिलास तर पुढे चालू. न्हाय जमलं तर घरी बस."

आता खोलीसुद्धा शेठचीच. काम गेलं की खोली गेली. घरी बस म्हणजे नेमकं कुठे बस, हे शेठने सांगितलं नाही आणि मामूंनी विचारलं नाही. मामी तेवढी रडली. त्या दहा बाय दहाच्या खोलीत तिने सव्वीस वर्षं काढली होती.

"मामी, रडू नको. मी बघतो!" मी म्हणालो. तोपर्यंत मी काहीच बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत मी पेपरची पुरवणी वाचत बसलो, आणि त्यात ते सापडलं! दूर कुठल्याशा देशात शास्त्रज्ञांनी शोध लावला होता. जनावराचं मांस, दूध, अंडं, मासळी यांतलं प्रथिन पोटात गेलं की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. त्यांचं नाव पेप्टाइड. आणि हे तुकडे नुसते पचत नाहीत, अंगात शिरून कामं करतात! दुधातले काही तुकडे म्हणे ब्लडप्रेशर उतरवतात, मासळीतलेही तसेच. आणि कातडी, हाडं, शिरा उकळून जे निघतं, त्यातले तुकडे सांध्यांतली झिजलेली गादी भरून काढतात. पुढे 'मात्र' असा एक शब्द होता, आणि तिथून पान न्हाव्याने वस्तरा पुसायला फाडलेलं. 'मात्र'च्या पुढे काय होतं ते मी आजवर वाचलेलं नाही.

नंबर लागला, खुर्चीत बसलो, पण अर्धी दाढी तशीच ठेवून मी घरी पळालो.

"पेप्टाइड!" मी रशिदाला म्हणालो. रशिदा माझी बायको.

"कोणाला झाला?" तिने विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पाये आणा. बकऱ्याचे पाये शिजवून रोज रस्सा देऊ मामूंना. एवढं वाचायला काय लागतंय? माझी आजी हेच सांगायची."

झालं! इथे थांबलो असतो तर ही गोष्ट दोन वाट्या रश्शात संपली असती. पण मास्तर थांबतो होय! मी म्हणालो, "अगं, पाये म्हणजे नुसतं पाणी. तारखेला तीन आठवडे उरलेत. मामूंना अर्क पाहिजे, अर्क!"

आणि अर्क माझ्या सायझिंगमध्ये पोत्यांनी पडून होता. सरस! हो, तोच, सुतार खुर्चीचे पाय चिकटवतो तो. रेयॉनच्या खळीत आम्ही सरस घालायचो. सरस म्हणजे काय? कातडी आणि हाडं उकळून काढलेला गोंद. त्यात तुकडेच तुकडे! मी हिशेब केला, एका पट्टीत दोनशे पायांचा जोर. हा हिशेब कसा केला ते विचारू नका.

पट्टी घरी आणली तेव्हा रशिदाने नाकाला पदर लावला.

"हे खायाचं हाय? आणि कुठल्या जनावराचं? हलाल हाय का?"

"सरसवाला स्वतः हाजी आहे!"

"हाजी आहे तो खुर्च्यांसाठी विकतोय ना? त्याने कुणाच्या मामूसाठी विकलाय?"

या प्रश्नावर मी मास्तरांना शोभेल अशा थाटात पट्टी पातेल्यात टाकली.

शेवटी तिने आलं, लसूण, मिरी, पुदिना, घरात होतं नव्हतं ते घालून तो उकळला. मामूंना मी सांगितलं की परदेशी औषध आहे, जेली म्हणतात. पहिल्या दिवशी वाडग्यात ते असं घट्ट बसलं की वाडगा उलटा केला तरी पडेना! मामूंनी सुरीने कापून खाल्लं. खाल्लं आणि तोंड मिटलं. मग उघडेना. वरची कवळी खालच्या दातांना चिकटली होती! मामू डोळे विस्फारून माझ्याकडे बघतायत, मामी गरम पाण्याचा तांब्या घेऊन धावतेय, आणि मी सांगतोय, "लागू पडतंय! बघा, लागू पडतंय!" अर्ध्या तासाने तोंड सुटलं. मामूंचा पहिला शब्द होता, "बिस्मिल्ला." मामूंना वाटलं, आताशी सुरुवात आहे.

दुसऱ्या दिवसापासून पातळ करून गरमगरम द्यायला लागलो. आणि ऐका, खोटं सांगत नाही, नवव्या दिवशी मामू भिंतीला हात न लावता उठले! औषधाने उठले, दुवेने उठले की भाच्यावरच्या मायेने उठले, मला माहीत नाही. पण उठले. मामी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मामूंनी माझं डोकं छातीशी धरलं. म्हणाले, "मजीद, तू माझी खोली वाचवलीस रे!" मला रडू आलं. आयुष्यात इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी रशिदासमोरही बोललोय.

आता असली गोष्ट चाळीत लपते का? संध्याकाळी काळूराम आला. त्याची कंबर. मग दौलत आला. त्याचे तर गुडघे, कंबर, खांदा, सगळंच! एक तारीख जवळ येईपर्यंत अकरा पेशंट झाले. सगळे लूमवर उभं राहून मोडलेले. नाही कुणाला म्हणायचं? आणि खरं सांगू, लोक मास्तरऐवजी डॉक्टरसाहेब म्हणायला लागले होते. मी चालायलासुद्धा हळू लागलो होतो.

पण अकरा जणांचा सरस यायचा कुठून? खळीत सहा पट्ट्या पडायच्या, तिथे चार पडू लागल्या, मग दोन. ही चोरी नव्हती, वैद्यकीय गरज होती, असं मी स्वतःला सांगायचो.

आमच्याकडे सावळ्या होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा. बॉयलरला लाकडं घालायचा आणि खळ ढवळायचा. शिक्षण शून्य, पण बोट बुडवून खळ कशी झालीय ते सांगायचा.

"मास्तर, खल पातल हाय. तिला चिकटाच न्हाय."

"उकळी वाढव."

"उकली वाढवून काय व्हतंय? सरस कमी हाय. तार फुलंल, मास्तर."

"सावळ्या, तुला पेप्टाइड माहीत आहे का?"

"न्हाय."

"मग ढवळ!"

त्याने ढवळलं. त्या आठवड्यात जेवढे रेयॉनचे बीम, म्हणजे खळ पाजलेल्या उभ्या धाग्याचे रूळ, बाहेर पडले, ते सगळे तसेच पडले.

एक तारखेला मामू कामावर गेले. चौथ्या दिवशी मी मुद्दाम दुपारी अब्दुर्रहमान शेठच्या कारखान्यात गेलो. औषधाचा चमत्कार डोळ्यांनी बघायचा होता! बरोबर वाटीभर जेलीही नेली होती.

आत शिरलो आणि बघतो तर मामू पळतायत! क्षणभर मला वाटलं, वा रे पेप्टाइड! मग नीट बघितलं. एका लूमची तार तुटली, मामू वाकले, गाठ मारली, फणीतून तार ओवली, उठले, तोवर दुसऱ्याची तुटली. तिकडे धावले, वाकले, तर तिसरा लूम बंद. तिसरा चालू केला, तर पहिला पुन्हा बंद! दर तुटलेल्या तारेला एक वाकणं आणि एक उठणं. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, तोंड पांढरं पडलेलं, आणि मला बघून हसले. ओरडून म्हणाले, "गुडघे मस्त हायत, मजीद! हा मालच खराब लागलाय!"

मी ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्याची, तार चिमटीत धरली. फुलून केसाळ झाली होती. बोटांना जरासुद्धा चिकटेना. खाली वाकून बीमच्या कडेला बघितलं. तिथे खडूने नंबर लिहिला होता. अक्षर माझं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी कोपराने तो नंबर पुसला. चारही बीमचा!

चौथा नंबर पुसत होतो तेव्हाच मामू बसले. पडले नाहीत, दोन लूमच्या मधल्या बोळात नुसते खाली बसले आणि उठेनात. दोन्ही हात उजव्या गुडघ्याभोवती. काहीतरी ओरडत होते, पण लूमच्या आवाजात मला फक्त तोंड हलताना दिसलं. मी आणि पलीकडच्या लूमवरच्या दौलतने उचलून बाहेर आणलं. गुडघा बघता बघता नारळाएवढा झाला.

शेठ आला. गुडघा बघितला, लूमवरचं जाळीसारखं कापड बघितलं.

"संपला जब्बारभाय," तो हळू आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मजीद, तू या धंद्यातला. बीम व्यापाऱ्याने धाडलेत, कुठल्या सायझिंगचे ते मला न्हाय माहीत. तुमच्याकडचे तर नव्हते ना?"

सगळं तिथेच होतं. मी तोंड उघडलं असतं तर शेठला कळलं असतं की माणूस नाही, माल खराब होता. मामूंना पुन्हा संधी मिळाली असती, निदान खोली राहिली असती. माझी नोकरी गेली असती. मी तोंड उघडलं.

"टेमघरच्या सायझिंगचे दिसतात," मी म्हणालो. "ते लोक सरसच घालत नाहीत!"

"टेमघरचा माल तर आख्खी भिवंडी चालवते, गुडघेच गेले याचे," शेठ म्हणाला.

घरी येऊन रशिदाला सांगितलं. तिने पोळी तव्यावर तशीच सोडली.

"जावा. आत्ता शेठकडे जावा आणि खरं सांगा."

"उद्या जातो."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा उद्या म्हणालो. शेठने मामूंना शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती, म्हणजे माझ्याकडे चार उद्या होते. चारही मी वापरले. त्या चार दिवसांत मी खळीत सहाच्या जागी आठ पट्ट्या घातल्या. असले बीम भिवंडीने बघितले नसतील! एक तार तुटेल तर शपथ! पण ते चालवायला मामू नव्हते. आणि औषध बंद केलं म्हणून काळूराम मला रस्त्यात शिव्या देऊन गेला.

शुक्रवारी नमाजनंतर टेम्पो आला. मामूंना वडप्याला मामीच्या भावाकडे जायचं होतं. त्याच्या घरामागे गोठा होता, तो साफ करून दिला होता. सामान टेम्पोत अर्ध्यावरच संपलं. मामी रिकाम्या खोलीला झाडू मारून आली. मी म्हणालो, "मामी, आता कशाला?" ती म्हणाली, "सवय."

मामूंना मी आणि दौलतने उचलून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"मजीद, तुझं औषध खरं होतं हां. मी सगळ्यांना सांगतो. गुडघ्यांचा दोष न्हाय, त्या बीमचा दोष." मग त्यांनी दोन्ही हात उचलले. त्यांचं बघून आम्ही सगळ्यांनी उचलले. "या अल्ला, माझ्या मजीदला सुखी ठेव. त्याचा पगार वाढू दे. आणि ज्या टेमघरच्या मास्तरने ते बीम पाठवले, त्याचे गुडघे माझ्यासारखे कर."

तीस वर्षांत तुटलेल्या तारेला शिवी न दिलेला माणूस!

"आमीन," मामी म्हणाली.

"आमीन," दौलत म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आमीन." रशिदा माझ्या शेजारी उभी होती. ती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

मामू दुसऱ्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत वडप्यात येईल त्या माणसाला माझं कौतुक सांगत होते. त्यांची दुवा मात्र पूर्ण कबूल झाली, त्यात काही बाकी राहिलं नाही. माझा पगार दोनदा वाढला. आणि गेल्या वर्षापासून संडासात बसलो की मला उठता येत नाही. मग आतून रशिदाला हाक मारावी लागते. ती येते. लगेच येत नाही.