तीनशे दहा पावले

भटूनाना कधी बसत नाहीत. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, आमच्या ओट्यावर दोन तास वाद घालायचा तोही उभ्यानेच. भूमापन खात्यात चौतीस वर्षे काढलेला माणूस. अक्कलकुव्यापासून धडगावच्या डोंगरापर्यंत लोकांच्या जमिनी मोजत फिरला. निवृत्त झाला तेव्हा साखळी, फळी आणि नकाशे सरकारजमा झाले. पाय मात्र त्यांच्याकडेच राहिले आणि ते अद्याप निवृत्त झालेले नाहीत.

नानांचे पाऊल तीस इंचांचे. चढावर तीस, उतारावर तीस, लग्नाच्या वरातीत तीस आणि कोणाला पोचवायला निघाले तरी तीस. माझ्या दारात ते आले की नमस्काराच्या जागी आकडा येतो. "मास्तर, मन्हा वटापाईन तुम्हना वटा एकशे बारा. आज एकशे तेरा भरना. तुम्ही वटा सरकाया का काय?" आदल्या दिवशी गवंड्याने माझी एक पायरी खरोखरच काढली होती. एकदा माझ्याबरोबर शहाद्यापर्यंत चालत आल्यानंतर त्यांनी माझ्या चालीचा निकाल दिला: "तुम्हना उजवा पाय अर्धा इंच आळशी शे." मी हे मान्य केलेले नाही. परंतु त्या दिवसापासून माझ्या उजव्या चपलेची टाच आधी झिजते, हे चांभाराने सांगितले तेव्हा मी त्याच्याशीही बोललो नाही.

कोणी शंका घेतली की नानांचे एकच उत्तर असते: "पाय खोटं बोलत नही."

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, तोरणमाळला घडलेल्या प्रसंगाच्या आमच्या गावात, लोणखेड्यात, सध्या तीन आवृत्त्या फिरत आहेत. पहिलीनुसार नाना वाईन पिऊन झिंगले. दुसरीनुसार त्यांनी त्या झिंगेत पेला चित्रावर आपटला. तिसरीनुसार बाटली मी संपवली. तिन्ही खोट्या आहेत. मी दोन घोट घेतले. चव जांभळाच्या आंबलेल्या सरबतासारखी होती आणि तिसरा घेण्याची इच्छा मला झाली नाही. मी तेथे नानांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर बसलो होतो. आवृत्त्या पसरवणारे कोठे बसले होते, तेही मला ठाऊक आहे.

आमच्या ज्येष्ठ मंडळींची ती दोन दिवसांची सहल होती. नाना येणार नव्हते. दोन वर्षांपूर्वी नानींची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्या पलंगावर असतात आणि नाना पलंगाच्या पायथ्याशी उभे असतात. नानींना तोरणमाळ पाहायचे होते, लग्नापासून. नाना मोजणीसाठी कितीतरी वेळा वर गेले, आणि प्रत्येक वेळी "पुढला खेपले" असे म्हणून एकटे गेले. या खेपेस लेक माहेरी आलेली होती. नानींनीच त्यांना घालवले. "जा तुम्ही. देखी या. नि मंग माले सांगा."

सहलीत रोहिदास होता, हे ध्यानात ठेवावे. रोहिदास आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात शेताच्या बांधावरून अकरा वर्षे बोलणे नाही. सरकारी मोजणी दोनदा झाली. ज्याला ती रुचली नाही त्याने ती मानली नाही. अखेर दोघे एकाच गोष्टीवर राजी झाले होते: येत्या रविवारी भटूनानांनी बांध चालायचा, आणि ते म्हणतील तेथे दगड रोवायचा. नाना त्या रविवारची वाट कशी पाहत होते, ते मी पाहिले आहे. निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी त्यांच्या पायांना विचारले होते. रोहिदास मात्र राजी झाल्या दिवसापासून पस्तावला होता. नानांचे पाऊल आपल्या बाजूने पडणार नाही, हे त्याला मनातून ठाऊक असावे. असा माणूस सहलीला निसर्ग पाहण्यासाठी जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व नाना आमच्या मुक्कामाच्या फाटकापासून तलावाच्या काठापर्यंत चाललो. काठावर नानांनी आकडा जाहीर केला: "दोनशे सत्तावीस." मागे येणाऱ्या सर्वांनी तो ऐकला. दुपारी जेवण झाल्यावर नाना एकटेच पुन्हा त्याच वाटेने गेले, आणि या वेळी विचित्रच चालले. लहान लहान, अडखळल्यासारखी पावले टाकत, मध्येच थांबत, एखाद्या दगडाला हात लावून पाहत. व्हरांड्यातून मंडळी हसली. रोहिदास हसला नाही. त्याने मोबाईल काढला.

चार वाजता तो चित्रकलेचा वर्ग भरला. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांसाठी नवीनच सुरू केलेला उपक्रम होता: तलावाकाठी बसावे, वाईन घ्यावी आणि चित्र रंगवावे. शिकवणारी नाशिकची एक हसरी मुलगी होती. "काका, चुकलं तरी चालेल हं," असे ती प्रत्येकाला सांगत होती. चौतीस वर्षे ज्याने चूक होऊ दिली नाही त्या माणसाला हे वाक्य कसे लागले असेल, याचा विचार करावा. सोबत सुरतेकडून आलेले एक कुटुंब होते. त्यांनी पेल्याविषयी जी निष्ठा दाखवली ती कॅनव्हासविषयी दाखवली नाही. मुलीने नमुना म्हणून सूर्यास्त काढून ठेवला होता, त्यामुळे ऊन अजून कडक असतानाही सर्वांनी सूर्यास्तच काढला. पंधरा मिनिटांत लाल रंग संपला.

नानांनी लाकडी घोडीवरचा कॅनव्हास उतरवून आडवा जमिनीवर ठेवला आणि स्वतः त्यावर वाकून उभे राहिले.

"काका, असा उभा ठेवायचा तो," मुलगी म्हणाली.

"नकाशा उभा ऱ्हास नही, बेटा."

"पण आपण चित्र काढतोय ना? थोडी वाईन घ्या, हात मोकळा होतो."

"हात मोकळा शे," नाना म्हणाले. पेला त्यांनी घेतला आणि गवतावर ठेवला. त्यातील एक थेंबही त्यांच्या ओठांना लागला नाही. हे मी शपथेवर सांगतो, आणि माझी शपथ या गावात अजून चालते.

त्यांनी फाटक काढले, वाट काढली, वळणे काढली, आंबा, चौथरा, काठ. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. वाटेच्या शेवटी ठळक आकडा घातला: ३१०. त्यानंतर लाल रंग शोधला, तो नव्हता. तेव्हा त्यांनी आपला पेला उचलला, त्यातील वाईन बशीत थोडी ओतली, पेल्याचे बूड तीत बुडवले आणि वाटेवर मोजून सहा ठिकाणी शिक्क्यासारखे दाबले. सहा लाल कडी उमटली. याच क्षणाचे छायाचित्र आज गावभर फिरत आहे. छायाचित्र खरे आहे. त्याखाली रोहिदासने जे लिहिले ते खोटे आहे.

आता माझ्या वाट्याला येऊ. तो आकडा माझ्या दृष्टीस पडला. चष्मा मी खोलीत ठेवला होता, कारण दूरचे पाहण्यास मला चष्मा लागत नाही. मात्र आकडा एवढा मोठा होता की तो चष्म्यावाचून वाचता आला. एवढ्या वर्षांत नानांना एकदाही चुकताना पकडता आले नव्हते. मी उभा राहिलो आणि, वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तशा आवाजात, म्हणालो, "नाना, सकाळी दोनशे सत्तावीस सांगितलेत. येथे तीनशे दहा लिहिले आहे."

सगळे कुंचले थांबले. रोहिदास उठून आला.

"नाना, सकायले दोनशे सत्तावीस नि आते तीनशे दहा. रस्ता वाढना का काय?"

नाना कॅनव्हासवर वाकलेलेच राहिले.

"दुफारले चालतांना बी आम्ही देखं. पाय कसा पडी ऱ्हायंतात, आखा व्हरांडानी देखं." तो इतरांकडे वळला. "आते सांगा भाऊ, ह्या पायवर मी रविवारले मन्हा बांध सोडू का?"

मी वाट पाहिली. मला खात्री होती की नाना आता ते वाक्य म्हणतील आणि रोहिदासला जागच्या जागी गाडतील. नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी कॅनव्हास उचलला, छातीशी उलटा धरला आणि म्हणाले, "नकाशामा जे शे ते बरोबर शे." एवढेच. मुलगी घाईघाईने म्हणाली, "खूप छान झालंय, काका." कोणी हसले. परतीच्या सातपायरीच्या घाटात नाना गाडीच्या दांड्याला धरून उभेच होते, कॅनव्हास काखेत. माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारपर्यंत गावाचा निर्णय झाला होता. रोहिदास नकार देऊन मोकळा झाला. चुलतभावालाही पिणाऱ्याच्या पावलावर अकरा वर्षांचे भांडण मिटवणे बरे वाटेना. माझ्या ओट्यापर्यंतची एकशे बारा पावले त्या आठवड्यात कोणी चालले नाही. शनिवारी संध्याकाळी मीच गेलो. काय झाले ते चौकात सांगा, एवढे त्यांना बजावण्याचा माझा हेतू होता. क्षमा मागण्याचा नव्हता. तसे कोणी सांगत असेल तर तेही खोटे.

दार उघडे होते. नानी उशीला टेकून बसल्या होत्या आणि तो कॅनव्हास त्यांच्या मांडीवर ताटासारखा आडवा ठेवलेला होता. डाव्या हाताची दोन बोटे त्या वाटेवरून चालवीत होत्या. एक, मग दुसरे. तोंडाने पुटपुटत मोजत होत्या. नाना पायथ्याशी उभे राहून ऐकत होते.

मी जवळ गेलो. या वेळी चष्मा होता. उत्तरेच्या बाणाखाली, मापाच्या रेघेशेजारी, नानांच्या सरकारी अक्षरात बारीक लिहिले होते: "पाऊल – बावीस इंच."

मी गणित शिकवलेले आहे. दोनशे सत्तावीस गुणिले तीस; भागिले बावीस. तेथे उभ्या उभ्या मी ते केले आणि, अर्ध्या पावलाच्या फरकाने, तीनशे दहा आले.

नाना नेहमी पुढे चालत आणि नानी मागे. शेतात, बाजारात, माहेरी सोडायला जाताना. नानांनी कधी मागे वळून पाहिले नाही, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. बावीस इंच त्यांनी कानांनी मोजले होते. आणि त्या दुपारी तोरणमाळच्या वाटेवर व्हरांड्याला जी झिंगलेली चाल वाटली, ती नानींची होती.

"चौकात सांगा," मी म्हणालो. माझा आवाज मला हवा होता तितका चढला नाही. "उद्याचा रविवार अजून हातात आहे. मी बरोबर येतो."

नानांनी मला दाराबाहेर नेले. "बांधना दगड कोनी बी लाई, मास्तर. पन हाई सांगं तर लोके आठे देखाले येतीन. मंग ती चालाव नही. लाजस."

रविवारी बांध चालला गेला नाही. भाऊ अद्याप बोलत नाहीत. नाना त्या दिवशी सकाळपासून आपल्या ओट्यावर, शेताच्या दिशेला तोंड करून उभे होते. मी माझ्या ओट्यावर होतो. आमच्यात एकशे बारा पावले होती आणि दोघांपैकी कोणी ती चालले नाही.

पंधरा दिवसांनी नानींनीच लेकीकडून मला बोलावणे पाठवले. त्यांना अजून शब्द सावकाश सापडतात; त्या बोलेपर्यंत मी थांबलो. माझ्याकडून हे सहसा होत नाही. "मास्तर, लिखा," त्या म्हणाल्या. "सगळं लिखा. यास्नी जनमभर लोकेसन्या जमिनी मोज्यात. यासनं नाव खराब व्हई ऱ्हायनं नि मी लाजत बठू का? देखू द्या लोकेसले." म्हणून हे लिहिले आहे. रोहिदासने वाचावे, आणि त्याच्या मोबाईलमध्ये ते छायाचित्र असेलच, तर ते मोठे करून कोपरा पाहावा. मला तो त्या दिवशी पाहता आला नाही. ती चूक माझी. याहून अधिक स्पष्ट लिहिण्याची मला सवय नाही.

निघताना मी दारात रेंगाळलो. नानी वाटेवर निघाल्या होत्या. फाटक गेले, आंबा गेला. दोन बोटे पहिल्या लाल कड्यावरून पुढे गेली, दुसऱ्यावरून गेली, आणि तिसऱ्यापाशी मंदावली.

"कितलं ऱ्हायनं?"

"एकशे साठ," नाना म्हणाले. "आठे दगड शे. सपाट. मी हात लाई देखेल शे."

"थकी गऊ. आठे बठूत जरासं."

नानींची बोटे त्या कड्यात टेकली. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग पलंगाची कड हाताने चाचपली, आणि त्यांच्या शेजारी बसले.