हौसेच्या शेळ्या

अल्विन कोसेलच्या स्वयंपाकघरात सकाळपासून शेळ्यांची नावं विसरायचा सराव चालला होता.

"खिडकीत तोंड घालून उभी आहे ती कोण?" मेहुणी बर्निसनं विचारलं.

"हिल्डा."

"डोंबल तुमचं, दाजी! शेळी म्हणा, शेळी! नाव ठेवलं की हौस, नाही ठेवलं की शेती. पलीकडच्या बाईची गाढवं लाडाची निघाली नि करसवलत गेली की हो तिची."

टेक्सासातल्या अल्विनच्या बारा एकरांभोवती आता बंगलेच बंगले उठले होते. जमीन शेतीची म्हणून नोंदलेली, तोवर कर चिमूटभर. नोंद गेली की बंगल्यांच्या भावानं भरा. ते त्याला या जन्मात जमलं नसतं. जमीन विकावीच लागली असती, आणि मागच्या ओकच्या झाडाखाली बायकोला, लीओनाला, पुरून जेमतेम सात महिने झाले होते. तिच्या डोक्यावर कुणाचा तरी पोहण्याचा तलाव येणार, हा विचारच त्याला सोसत नसे. शेळ्यांना आपल्या मावश्यांची नावं तिनंच ठेवली होती. नियमाला निदान चार शेळ्या लागत. मावश्याही नशिबानं चारच होत्या.

दहा वाजता शेतीची नोंद तपासायला काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, तपासनीस रूबेन ट्रेविन्यो आला. पायरीवर बसून त्यानं फॉर्म काढला, तोच एक शेळी पुढे झाली आणि तिनं वरचा कागद मटकावला.

"हिल्डा!" अल्विन ओरडला.

बर्निसनं कपाळावर हात मारला.

"हिल्डा कोण?" रूबेननं विचारलं.

"बायकोची मावशी," अल्विन म्हणाला.

"मावशी माझा फॉर्म खातेय, काका." रूबेननं दुसरा फॉर्म काढला. "खरं सांगा, या पाळीव आहेत ना? लाडाच्या?"

"छे हो!" बर्निस मध्ये पडली. "विकायच्याच आहेत. धंदाच आहे आमचा!"

"बरं झालं. रविवारी आमच्याकडे वीस माणसं जेवायला आहेत. हिचे किती?"

नाही म्हणावं तर जमीन जाते, हो म्हणावं तर हिल्डा. अल्विननं ओककडे पाहिलं. "दीडशे डॉलर," तो कसाबसा म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रूबेननं रोख मोजले, पावती घेतली आणि हिल्डाला पिकअपमध्ये चढवलं. मग त्यानं बोटानं शेळ्या मोजल्या.

"काका, या तर तीनच."

"मग?"

"नियमाला चार लागतात."

"अहो, चौथी तुमच्याच गाडीत आहे!"

"ती माझी. पावती आहे."

अल्विनचे डोळे भरून आले. "ट्रेविन्योसाहेब, ती परत द्या मला. काय घ्याल?"

"दोनशे."

"अहो, आत्ता दीडशेला नेली ना तुम्ही!"

"भाव वाढला."

अल्विननं त्याचेच दीडशे परत केले, बरणीतले पन्नास वर घातले. हिल्डा खाली उतरली आणि शांतपणे त्याची बाही चघळू लागली. रूबेन बराच वेळ लिहीत होता.

"काय लिहिलंत?" अल्विननं भीत भीत विचारलं.

"शेळी विकली दीडशेला, घेतली दोनशेला. एका सकाळीत पन्नासची खोट." रूबेननं सही ठोकली. "काका, याला हौस म्हणायची कुणाची छाती आहे? ही अस्सल शेती."