सहा तुकड्यांचा आलेख

चिंतामणी गुरुजींनी सहा रंगांचा आलेख केला होता. छापून आला तो एकाच रंगाचा, आणि तोही राखाडी.

"सर, कलर खतम है," कामतघरचा सायबरवाला म्हणाला. "लेकिन गोल एकदम बढिया आया है."

लाइट जायला सात मिनिटं उरली होती. गुरुजींनी गोल घेतला.

दुसऱ्या दिवशी दिघाशीजवळच्या त्यांच्या शाळेत केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची परिषद होती. प्रत्येकाने आपल्या शाळेच्या हजेरीचा आलेख मांडायचा, आणि उत्तम ठरेल तो ठाण्याच्या प्रदर्शनाला जायचा. गुरुजींची एकवीस वर्षं नोकरी झाली होती आणि कामासाठी ठाण्याला ते एकदाच गेले होते, तेही दाताच्या. म्हणून परिषदेआधी त्यांनी पहिलीच्या पोरांची खडूपेटी उघडली. तिच्यात पिवळा आणि फिकट पिवळा एवढेच रंग शिल्लक होते. सहा वार त्यांत रंगले.

केंद्रप्रमुख नुकतेच पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आले होते. "मांडणाऱ्याचं मन मोडायचं नाही," त्यांनी बजावलं. "आधी दोन कौतुकं, मग एक सूचना."

गुरुजी उभे राहिले. "पूर्वी आमच्याकडे गुरुवारी हजेरी घसरायची. यंदा सहाही वार सारखे. श्रेय दारावरच्या सुविचार फलकाला."

शेजारच्या शाळेच्या नीला मॅडम फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी बराच वेळ आलेखाकडे पाहिलं. "गोल... चांगला गोल आहे. कागदही जाड आहे. सूचना म्हणजे, कुठला वार कुठला ते लिहा."

गुरुजींनी लिहिलं.

"अक्षर झकास, पिवळा रंग प्रसन्न," देवेश सर म्हणाले. "आकडेही टाका की गुरुजी."

गुरुजींनी टाकले. पुढच्याने बाण सुचवले, त्याच्या पुढच्याने चौकट. नऊ शिक्षकांची अठरा कौतुकं झाली तेव्हा आलेखात गोल शोधावा लागत होता आणि गुरुजींना ठाण्याचा तलावसुद्धा दिसू लागला होता.

तेवढ्यात पोरांची खिचडी शिजवणाऱ्या गोदूबाई चहा घेऊन आल्या आणि फळ्यावर लावलेल्या आलेखासमोर थबकल्या.

"ही भाकर कुनाची, गुरुजी?"

"आलेख आहे तो, गोदूबाई."

"तुम्हीही अभिप्राय द्या मावशी," केंद्रप्रमुख उत्साहात म्हणाले. "पण आधी दोन कौतुकं."

"भाकर गोल हाय. करपली न्हाय." गोदूबाईंनी जरा विचार केला. "पन सगले तुकडे सारखेच हायेत. मंग कापली कशाला?"

नीला मॅडमनी तोंडावर पदर धरून खिडकीबाहेर पाहिलं. नऊ जणांच्या पोटात जे मघापासून होतं, ते बाईंनी ट्रे खाली न ठेवता सांगितलं होतं.

"आन् आदी गुरुवार बुटका व्हता, त्ये यात कुठं दिसतं? माज्या भिंतीवर दिसतं."

परिषद कपबशा घेऊन स्वयंपाकखोलीत गेली. भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. रोज एक रेघ. जितकी पोरं जेवली तितकी बोटं उंच. उद्या तांदूळ किती घ्यायचे ते त्यावरून ठरायचं. गेल्या वर्षीच्या ओळीत दर आठवड्याला एक रेघ बुटकी, दात पडल्यासारखी. यंदाची बत्तिशी शाबूत.

"गुरुवारी बाजार," गोदूबाई म्हणाल्या. "आया भाजी इकाया जातात, मोठ्या पोरी घरी धाकट्यांना सांभालत बसायच्या. म्हनून यंदा गुरुवारी धाकटी मीच हितं ठेवते."

कोपऱ्यात झोळी टांगलेली होती. इतके महिने ती गुरुजींना तांदळाची वाटत होती.

गुरुजींनी भिंत पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "माझ्याकडून दोन कौतुकं," ते हळू आवाजात म्हणाले आणि पाचव्यावर जाऊनही थांबेनात.

"आणि सूचना?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"सूचना नाही साहेब. फलक तेवढा उतरवतो."

ठाण्यासाठी एकमताने भिंत निवडली गेली. भिंत एसटीत चढेना, म्हणून गुरुजींनी दोन दिवस खपून ती कागदावर उतरवली, गोदूबाईंच्याच कोळशाने. खाली लिहिलं, 'मांडणी : गोदूबाई'. प्रदर्शन गुरुवारी होतं. "मंग पोरं कोन बगल?" म्हणून बाईंनी यायला साफ नकार दिला, आणि काखेत गुंडाळी मारून अखेर गुरुजीच ठाण्याला पोचले.

तिथले साहेब रेघांसमोर बराच वेळ उभे राहिले. "सुरेख. एका नजरेत कळतंय. फक्त एक सूचना. हे गोल केलं असतं तर?"

"केलं होतं साहेब," गुरुजी म्हणाले. "करपलं नव्हतं, एवढंच."