पोन्सोच्या घराची वरात

"अर्धा तास! फार तर फार पस्तीस मिनिटं!" पोन्सोने छाती फुगवून जाहीर केलं. "माझ्या बापाने तीन शेतं ओलांडून घर नेलं होतं. न्याहारी जुन्या जागेवर, जेवण नव्या जागेवर! आतलं मडकंसुद्धा हललं नव्हतं!"

"तुझ्या बापाच्या वाटेत शेतं होती," त्याची बायको लिगाया आलं ठेचत म्हणाली. "तुझ्या वाटेत गेट आहे."

पण पोन्सोच्या कानांना एक सोय होती. बायको बोलायला लागली की ते आपोआप मिटायचे.

मनिलाच्या दक्षिणेला, काविते प्रांतात, पोन्सोचं बांबूचं, झावळ्यांनी शाकारलेलं घर एकटंच उरलं होतं. तीन बाजूंना सहाशे घरं उभी राहिली होती, चौथ्या बाजूला हमरस्ता. सगळी एका रंगाची, एका मापाची, जणू एकाच साच्यातून काढलेली बिस्किटं! वसाहतीचं नाव होतं 'ब्लू लेक हाइट्स'. तिथे तळंही नव्हतं आणि उंचीही नव्हती. होती ती पोन्सोची भातखाचरं, तीसुद्धा आता सिमेंटखाली.

सोमवारी पोन्सोच्या घरावरून रस्ता जाणार होता. बदल्यात बांधकाम कंपनीने त्याला वसाहतीच्या आतच एक कोपऱ्यातला प्लॉट दिला होता. कंपनीचे साहेब म्हणाले, "झोपडी मोडून टाका."

मोडून? याच घरात त्याच्या तीन मुली रांगल्या होत्या. अंधारातसुद्धा कुठला बांबू कुठे करकरतो, हे त्याला ठाऊक होतं. "घर मोडणार नाही," पोन्सो म्हणाला. "उचलून नेणार!"

प्लॉट तसा दोनशे पावलांवरच होता. पण मध्ये वसाहतीची भिंत. म्हणजे हमरस्त्याने वळसा घालून, गेटमधून आत. दीड किलोमीटर!

रविवारी सकाळी वीस जण जमले. एके काळी हे सगळे शेतकरी, खांदे बैलासारखे. आता त्यांतला एक जीपनी, म्हणजे प्रवासी भरून नेणारी लांबट जीप, चालवायचा, दोघं मॉलच्या दारात पहाऱ्याला उभे राहायचे, बोयेत सलूनमध्ये बायकांचे केस कापायचा आणि तिघं भाचे कॉल सेंटरची रात्रपाळी करून आलेले. ते उभ्या उभ्याच घोरत होते.

सामान बाहेर काढलं. बाहेर निघेना ती फक्त पोन्सोची सासू. लोला इस्कांग, वय चौऱ्याऐंशी. लोला म्हणजे आजी. अख्खी वस्ती तिला हेच म्हणायची.

"लोला, उतरा ना," पोन्सो अजीजीने म्हणाला.

"का म्हणून? घर चाललंय ना? मग मी घरातच आहे!" आणि तिने खिडकीशी खुर्ची ओढून पंखा हलवायला सुरुवात केली.

घराच्या तळाखालून बांबू घातले. "एक, दोन, तीन... उचल!" घर डुलत डुलत उठलं आणि चालायला लागलं!

हमरस्त्यावर पहिल्या पाच मिनिटांतच एक मोटारसायकलवाला घराच्या बरोबरीने येऊन धापा टाकू लागला. "पार्सल आहे! पत्त्यावर गेलो तर पत्ताच जागेवर नाही!"

"मग इथे सही घे की!" लोलाने खिडकीतून हात बाहेर काढला. सही केली, पार्सल घेतलं, घर पुढे निघालं.

मागे गाड्यांची रांग लागली. कुणाला वाटलं, कुठल्या तरी संताची मिरवणूक आहे. दोन बायकांनी क्रूसाची खूण केली आणि मागून चालू लागल्या. त्यांना बघून आणखी दहा. मग कुठूनसा एक ढोलवाला आला! लोला खिडकीतून सगळ्यांना हात हलवून आशीर्वाद देत होती. गेट येईपर्यंत मागे दीडशे माणूस होतं आणि पोन्सोची छाती घराहून रुंद झाली होती.

गेटवर आर्नुल्फो नावाचा पहारेकरी वही घेऊन उभा होता. त्याने घराकडे पाहिलं. मग वहीकडे. मग पुन्हा घराकडे.

"कुया पोन्सो," तो म्हणाला, "मोठ्या भावासारखे तुम्ही मला, पण हे लिहू कशात? वाहन की पायी?"

"पाय दिसत नाहीत का? चाळीस आहेत!"

"मग नंबर प्लेट?"

"अरे बाबा, घराला कसली नंबर प्लेट! लवकर बोल, खांदे निखळतायत!"

आर्नुल्फोने बराच विचार करून 'पायी, चाळीस पाय, एक आजी' असं लिहिलं आणि दांडा वर केला.

पोन्सोने गेटचं माप आधीच घेतलं होतं. घराची जमीन अगदी बरोबर बसत होती. फक्त एक किरकोळ गोष्ट राहून गेली होती. छप्पर! वळचण दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली. घर अर्धं आत गेलं आणि करर्र करून थांबलं. बाटलीच्या तोंडात फणस अडकावा तसं!

आता आतली गाडी बाहेर जाईना, बाहेरची आत येईना. चर्चहून परतलेल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. सगळ्यात पुढच्या गाडीतून मॅडम डेलिया उतरल्या. वसाहतीच्या मंडळाच्या अध्यक्षा!

"हा काय तमाशा! नियम माहीत आहेत का? छपरं लाल कौलांचीच हवीत! हे आत्ताच्या आत्ता मागे घ्या!"

पोन्सोने वळून मागे पाहिलं. मागे घ्यायचं म्हणजे कुठे? तिथे तर उद्या रस्ता येणार!

तेवढ्यात बांबूखालून एक केविलवाणा आवाज आला. "मॅडम... मी बोयेत. मंगळवारी तुमच्या लेकीचं लग्न ना? माझा खांदा गेला, तर तुमचे केस कोण बांधणार?"

मॅडम डेलियांनी एकदा बोयेतकडे पाहिलं आणि एकदा गाडीच्या काचेत स्वतःच्या केसांकडे. मग त्यांनी उंच टाचांचे बूट काढून आर्नुल्फोच्या हातात दिले. "बघताय काय सगळे? उतरा गाड्यांतून! गेटचे खांब काही फार उंच नाहीत. डोक्यावर उचला!"

आणि खरंच उतरले की लोक! बँकेतले, शाळेतले, इस्त्रीच्या शर्टातले. तीन वर्षं शेजारी राहून एकमेकांचं नाव न विचारलेली माणसं एकाच बांबूला लटकली. "तुम्ही कुठल्या गल्लीत?" "अहो, तुमच्याच!" शंभर हात वर झाले, घर खांबांवरून हळूच तरंगत पलीकडे गेलं. ढोल वाजला. पोन्सोच्या डोळ्यांत पाणी आलं. घामच आहे, असं तो नंतर सांगत असे.

घर प्लॉटवर टेकलं. लिगायाने वीस जणांसाठी रांधलेलं दीडशे जणांना कसं पुरलं, देव जाणे! कुणी घरून मासे आणले, कुणी भात. मॅडम डेलिया अनवाणीच वाढत होत्या. छपराचं काय ते मंडळ नंतर बघून घेईल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पोन्सो खुर्चीवर उभा राहून भाषणाला लागणार, इतक्यात घरातून हाक आली.

"पोन्सो! दार उघडत नाहीये! मला बाहेर यायचंय, लागलीय मला!"

पोन्सो धावला. दार शेजारच्या भिंतीला टेकलेलं! चार बोटांची फट, तेवढीच.

"घर उलटं ठेवलंय!" लिगाया ओरडली. "फिरवा!"

"लवकर!" आतून लोला.

ताटं खाली पडली. दीडशे माणसं घराला भिडली. घर उठलं, फिरू लागलं. "अजून थोडं!" एक म्हणाला. "अजून!" दुसरा म्हणाला. "आणखी जरा!" ढोलवाल्याला चेव चढला, हातांना चेव चढला आणि घराने जागच्या जागी झोकात एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग सगळ्यांनी "हुश्श!" करून ते खाली ठेवलं.

दार पुन्हा भिंतीला!

लोलाला शेवटी आर्नुल्फोने खिडकीतून उचलून काढलं. तोपर्यंत कुणाच्याच खांद्यात जीव उरला नव्हता. उद्या फिरवू, असं ठरलं. त्या उद्याला आता आठ महिने झाले.

सध्या पोन्सोकडे ये-जा खिडकीतून चालते. शिडीही लावून घेतली आहे. नव्या पाहुण्याने दाराबद्दल विचारलंच, तर पोन्सो घसा साफ करून म्हणतो, "दार मागे आहे. चोरांना सापडू नये म्हणून... मुद्दामच!"