सावळीरामांचा प्रायव्हेट नंबर

सकाळी आठ पस्तीसला सावळीराम पगारेंच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडून एक मुलगी रडत म्हणाली, "पप्पा, मी राखी. आता तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो लवकर सांगा."

दुसरा कुणी बाप असता तर त्यानं सांगून टाकला असता. पण सावळीराम शनिवारी कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये सायबरवाल्या साहेबांचं व्याख्यान पहिल्या रांगेत बसून ऐकून आले होते. नुसतं ऐकलं नव्हतं, वहीत उतरवून घेतलं होतं. मनमाडजवळच्या एका लहान स्टेशनावर एकतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केलेला माणूस, नियम लिहून घेतल्याशिवाय त्यांना चैन कसली पडतेय! वहीत चार ओळी होत्या. अनोळखी नंबर. घाई. रडारड. आवाज हुबेहूब आपल्या माणसाचा. सावळीरामांनी चारही ओळींपुढं बरोबरची खूण केली आणि शांतपणे फोन कापला.

"कुणाचा होता?" लताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"चोराचा. आपल्या राखीच्या आवाजात बोलत होता."

राखी कालच पुण्याला गेली होती, ज्योत्स्ना नावाच्या मैत्रिणीकडं. आज तिची भरतीची परीक्षा. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच, म्हणजे आज हुकली तर चार वर्षांचा अभ्यास पाण्यात. नऊ वाजता परीक्षा केंद्राचं गेट बंद होणार होतं. लताबाई म्हणाल्या की आधी तिच्या फोनवर लावून तर बघा. सावळीरामांनी लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

तेवढ्यात त्याच अनोळखी नंबराचा पुन्हा फोन. या वेळी लताबाईंनी स्पीकर चालू करायला लावला, आणि रडत रडत बाहेर पडली ती सगळी हकिगत सावळीरामांच्याच कर्तृत्वाची होती. बॅगेत पाण्याची बाटली गळली आणि हॉलतिकिटावरची शाई फोटोसकट पसरली. गेटवरचा माणूस म्हणाला, दुसरं आणा. फोनमध्ये त्याची प्रत होती, ती पप्पांनीच रविवारी पुसून टाकली होती, कारण फोनमध्ये कागदपत्रं ठेवायची नसतात. सिमलाही पप्पांनीच चार आकडी कुलूप घातलं होतं. रात्री चार्जिंग वाचवायला फोन बंद केला, सकाळी चालू केल्यावर त्यानं आकडे विचारले, घाबरून तीनदा चुकले आणि सिम लॉक झालं. म्हणून ज्योत्स्नाच्या फोनवरून बोलतेय. हॉलतिकीट नव्यानं काढायचं तर फॉर्मवर नंबर पप्पांचा. ओटीपी तीनदाच मिळतो, त्यातला एक वाया गेला, दुसरा आत्ता आला असेल.

"अहो, सांगा की तिला," लताबाई म्हणाल्या.

"अगं, चोरांकडं सगळी माहिती असते. साहेब म्हणाले होते, घरच्यांनाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर कुठं लिहून ठेवायचं नाही." सावळीराम फोनकडं वळले. "तुझी पहिली शाळा कुठली?" तिनं सांगितली. ते म्हणाले, हे तर फेसबुकवर आहे. "बरं, तुझ्या आईचा वाढदिवस कधी?"

"एकोणीस ऑगस्ट. पप्पा, प्लीज."

"चूक," सावळीराम म्हणाले आणि त्यांनी वहीत तारीख लिहून पुढं लाल फुली मारली. "आता सापडली."

"बरोबर सांगितलं तिनं," लताबाई म्हणाल्या. "तुम्हालाच माहीत नाही."

तेवढ्यात दुसऱ्या ओटीपीची मुदत संपली. सावळीरामांनी स्टेशनातल्या सवयीनं तो आकडा वहीत लिहून खोडला. लताबाईंनी फोन ओढून घ्यायला हात पुढं केला, तर ते खुर्चीमागं गेले. घड्याळात आठ सत्तेचाळीस झाले होते. खरी राखी असेल तर आपण तिचं वाटोळं करतोय, आणि खोटी असेल तर खरी कुठंय, या दोन्ही विचारांनी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. तिसरा ओटीपी आला. शेवटचा.

पलीकडचं रडणं थांबलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तीच मुलगी अगदी कोरड्या, सरकारी आवाजात म्हणाली, "गाडी सिग्नलला उभी आहे. लाइन क्लिअर द्या. माझा प्रायव्हेट नंबर चार, सात."

सावळीराम ताडकन ताठ उभे राहिले. प्रायव्हेट नंबर म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून दोन स्टेशनांच्या मास्तरांनी गाडी सोडण्याआधी एकमेकांना द्यायचा आकडा. एकदा वापरला की खोडायचा, समोरून मिळाल्याशिवाय आपला द्यायचा नाही. शाळा सुटल्यावर राखी त्यांच्या टेबलाखाली बसून हेच ऐकत मोठी झाली होती. त्यांनी विचार केलाच नाही. एकतीस वर्षांची जीभ आपोआप हलली आणि ओटीपी बाहेर पडला. "लाइन क्लिअर. माझा नंबर आठ, शून्य, पाच, तीन, नऊ, एक."

फोन बंद झाला. सावळीरामांनी आकडा खोडला, डोळे पुसले आणि म्हणाले, "आपलीच आहे. चोराला हे कुठून येणार?"

"आणि चोर रेल्वेतला निघाला तर?" लताबाई म्हणाल्या.

झालं. सावळीराम मटकन खाली बसले. पुढची दहा मिनिटं त्यांनी घड्याळाकडं आणि फोनकडं आळीपाळीनं बघत काढली. चार वर्षं पोरीनं गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत डोळे फोडले, आणि आपण खुर्चीमागं लपून बसलो. व्याख्यानाला गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

नऊ वाजून दोन मिनिटांनी मेसेज आला. 'काका, मी ज्योत्स्ना. राखी आत गेली. जाताना म्हणाली, पप्पांना कळव, गेट बंद, नंबर पाच, दोन.'

फाटकवाला फाटक लावल्यावर असाच आकडा कळवतो आणि मग मास्तर निर्धास्त होतो. सावळीरामांनी ५२ वहीत लिहिलं. ते काही त्यांनी खोडलं नाही.

"पोचली बघ," ते म्हणाले. "टाक आता चहा."

लताबाईंनी भांडं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही. "आधी माझा वाढदिवस सांगा."

सावळीरामांनी घाईघाईनं वही उघडली, लाल फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एकोणीस ऑगस्ट."

"हे नाही चालत," लताबाई म्हणाल्या. "असल्या गोष्टी लिहून ठेवायच्या नसतात, लक्षात ठेवायच्या असतात. तुमच्या साहेबांनीच सांगितलंय ना?"