गंज चढेना

"अहो, या गॅसवर दूध तापवलं तर दुधालाच सडक्या अंड्यांचा वास येतो," बायकोनं सांगितलं आणि नव्या शेगडीकडे पाठ करून पुन्हा चूल पेटवली. गोठ्यामागं एवढ्या हौसेनं बांधलेल्या बायोगॅसची ही शोभा पाहून त्याचं तोंड उतरलं.

टाकी बांधणाऱ्या मिस्त्रीनं उपाय सांगितला. "नळीच्या वाटेत एक डबा बसवा आणि त्यात लोखंडाचा कीस भरा. गंज तो वास खातो. पण कीस चांगला गंजलेला पाहिजे हं!"

त्यानं लेथवाल्याकडून पोतंभर कीस आणला, परसात ताडपत्रीवर पसरला आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारू लागला. दुपारभर तो शेतात असायचा. एरवी साधा खिळा बाहेर राहिला तरी लाल होतो. हा कीस मात्र दिवसेंदिवस उजळतच चालला. त्यानं मीठ टाकून पाहिलं, तर मीठही गायब! शेवटी तो लेथवाल्याशी भांडायला गेला.

"लोखंड म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात मारलंत!"

"गंजलं म्हणून भांडणारे पुष्कळ येतात," लेथवाला म्हणाला. "गंजत नाही म्हणून येणारे तुम्ही पहिलेच."

फणफणत तो भरदुपारी घरी आला, तर परसात बाबा. उभी हयात लोहारकामात गेलेले बाबा पुढ्यात परात घेऊन, रॉकेलनं धुतलेल्या किसाला मन लावून तेल चोळत होते.

"आलास? अरे, हे तू बाहेरच विसरलास. वर कुणीतरी रोज पाणी ओततंय. परवा तर मेल्यानं मीठ टाकलं! म्हटलं, तू कामात असतोस, तुझं नुकसान नको."

लेथवाल्यावरचा राग तिथं निघाला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? यापुढं माझ्या कशालाही हात लावू नका. गप बसून राहा!"

बाबांनी हात पुसले आणि ओट्यावर जाऊन बसले.

मग गंज झकास चढला. वास गेला, बायको खूश झाली. पण बाबांनी खरंच कशालाही हात लावला नाही. दार कुरकुरू लागलं, विळा बोथट झाला, बाबा ओट्यावरून हलेनात. त्यानं मुद्दाम चार वेळा दार उघडलं-लावलं.

"बाबा, जरा तेल सोडता का?"

"दार तुझंच ना?" बाबांनी विचारलं. टोमणा नव्हता, ते खरोखर विचारत होते. तेच त्याला जास्त लागलं.

पुढं डब्यातला कीस काळा पडला. "बाहेर काढा, भिजवून वाऱ्यावर ठेवा, पुन्हा कामाला येईल," मिस्त्री म्हणाला. त्याला वाटलं, हीच संधी.

"बाबा, हे काम आता तुम्ही सांभाळा. लोखंडातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"म्हणजे लोखंड मी गंजवायचं?" बाबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "नाही रे, माझ्याच्यानं नाही व्हायचं. तू गंजव. मी तिकडं तोंड करतो." आणि ओट्यावरची खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

तो पाणी शिंपडू लागला. 'चुकलं माझं' एवढेच दोन शब्द ओठांपर्यंत यायचे आणि परत फिरायचे.

"कडेचं कोरडं राहिलं असेल," भिंतीकडे बघतच बाबा म्हणाले. "लहानपणापासून कडा सोडतोस."

"हो बाबा," तो म्हणाला आणि मुकाट्यानं कडा भिजवू लागला.